बटण दाबलंय, तरी जॅकेट हवा सोडत नाही

"वर येताना पाच मीटरवर सेफ्टी स्टॉपला, म्हणजे खबरदारीच्या थांब्याला, थांबायचं होतं. डिफ्लेटचं, म्हणजे हवा सोडायचं बटण दाबून धरलं होतं, तरी सरळ वर गेलो. बटण बिघडलेलं असेल का?"

दिवाळीनंतर मालवणचं पाणी निवळायला लागलं की मे संपेपर्यंत हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारा तारकर्लीहून स्कूबाचा ओपन वॉटर, म्हणजे पहिला कोर्स करून आलेला असतो, नाहीतर कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर किंवा अंदमानात दोन-चार डाइव्ह मारून आलेला. बीसीडी, म्हणजे आपलं हवा भरायचं जॅकेट, भाड्याचं असतं, त्यामुळे संशय आधी जॅकेटवरच जातो. बटण मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असतं. हवा सुटत नाही, कारण ती बटणापर्यंत आलेलीच नसते.

मलाही हे कळायला एक फजिती व्हावी लागली. कोर्सचा तिसरा दिवस, मालवणचंच पाणी, खोली जेमतेम नऊ मीटर. वर यायची खूण झाली. मी इन्फ्लेटर, म्हणजे जॅकेटच्या नळीच्या टोकाचा बटणांचा भाग, छातीशी घट्ट धरला, बटण दाबलं आणि नांगराची दोरी बघत बसलो. दोरी मात्र खाली खाली चालली होती. दोरी कशाला खाली जाईल, मीच वर चाललो होतो. गाइडने माझा एक फिन, म्हणजे पायातलं वल्हं, पकडला तोवर डोकं पाण्याबाहेर. होडीवर चढल्यावर तो आधी हसला. "खंय चललंस रे?" मग होडीतलं पाणी उपसायचा तांब्या घेतला, पालथा धरून समुद्रात दाबला आणि मला म्हणाला, धर. तांब्या हाताला वर ढकलत होता. "गेली काय हवा?" नाही गेली. "आता आडवो कर." तिरका केल्याबरोबर बुडबुड करत हवा निघून गेली आणि तांब्या गपकन खाली गेला.

विहिरीत घागर सोडणाऱ्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. घागर पालथी पडली तर तरंगत राहते. दोराला झटका देऊन तिचं तोंड तिरकं केलं की हवा बाहेर येते आणि ती भरते. बीसीडी ही तशीच एक घागर आहे. फरक इतकाच की तिला तीन-चार तोंडं आहेत आणि ती आपल्या पाठीला बांधलेली आहे. हवा पिशवीतल्या सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. उघडलेलं तोंड त्या जागी असेल तरच ती बाहेर पडते. बटण फक्त तोंड उघडतं. हवा तिथवर आणायची ती अंग वळवून.

आधी तक्रार नेमकी कुठली ते बघा

"हवा सुटत नाही" या एकाच वाक्यात लोक तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. एक, डाइव्हच्या सुरुवातीला खालीच जाता येत नाही. दोन, वर येताना थांबता येत नाही. तीन, खोली तीच असून जॅकेट आपोआप फुगतं आणि सारखी हवा सोडावी लागते. तिसरी तक्रार खरोखर जॅकेटची आहे, तिच्याकडे नंतर येतो. पहिल्या दोन आपल्या आहेत. त्यातली दुसरी धोक्याची, म्हणून आधी ती.

वर येताना थांबता येत नाही

पाण्यात आडवं पोहताना तुमचं शरीर कसं असतं ते डोळ्यांसमोर आणा. तोंड खाली, पाठ वर. जॅकेटमधली हवा पाठीवर, टाकीच्या दोन्ही बाजूंना आणि कमरेपाशी जमलेली. इन्फ्लेटरची ती वळ्यावळ्यांची जाड नळी डाव्या खांद्यापासून निघून छातीपाशी लोंबतेय, म्हणजे तिचं टोक हवेच्या खाली आहे. आता बटण दाबलं तर काय होणार? पालथ्या तांब्याचं तोंड उघडंच असतं, तरी हवा जात नाही. तेच होणार. उलट थोडं पाणीच नळीतून आत शिरेल.

आणि नेमकं डाइव्हच्या शेवटी हे जास्त होतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमच्या टाक्या असतात. भरलेली असताना ती पाण्यात किंचित जड असते, रिकामी होत आली की साधारण दोन किलोनं वर ओढायला लागते. त्यामुळे शेवटी शेवटी पार्श्वभाग वर उचलला जातो, हवा कमरेकडे सरकते आणि खांद्याच्या तोंडापासून आणखी लांब जाते. सुरुवातीला सहज सुटणारी हवा सेफ्टी स्टॉपला हट्ट का करते, त्याचं एक कारण हे.

करायचं ते असं. वर निघायच्या आधीच, निघाल्यावर नव्हे, डावा हात इन्फ्लेटरवर न्या. पाय खाली घेऊन उभे व्हा. उजवा खांदा थोडा पाडा, म्हणजे डावा आपोआप उचलला जाईल. उभ्या जॅकेटमध्ये हवा दोन्ही खांद्यांत वाटली जाते आणि उजव्या खांद्यातली हवा मध्ये मान असल्यामुळे डावीकडे येत नाही. खांदा पाडला की येते. आता हात डोक्याच्या वर पूर्ण ताणून नळी उभी करा. अर्धवट कोपरात वाकलेला हात म्हणजे नळीला मध्येच वळसा, आणि त्या वळशात हवा अडकते. श्वास सोडा. मग बटण दाबा आणि मान वळवून नळीच्या तोंडाकडे बघा. बुडबुडे दिसले तर हवा जातेय. नाही दिसले तर बटणावरचा जोर वाढवून उपयोग नाही, अंग आणखी वळवा.

श्वास सोडायचं मी मुद्दाम सांगतो, कारण घाबरलेला माणूस नेमका छातीभर श्वास घेऊन धरतो. साधा श्वास अर्ध्या लिटरचा असतो. घाबरून घेतलेला दोन-तीन लिटरचाही असू शकतो. एक लिटर हवा म्हणजे साधारण एक किलो उचल. जॅकेटमधून दोन लिटर सोडले आणि छातीत दोन लिटर भरले तर हिशेब शून्य. माणूस म्हणतो, हवा सोडली तरी वर गेलो. त्याचं खरंच असतं, फक्त दुसरी पिशवी, म्हणजे छाती, तो विसरलेला असतो. श्वास धरून वर येणं तर थेट धोक्याचं आहे, त्याचं पुढे बोलू.

आणखी एक, बटण एकदाच दाबून धरू नका. दाबा, सोडा, थांबा. हवा गेल्याचा परिणाम दोन-तीन सेकंदांनी जाणवतो, कारण अंगाला वरची गती आलेली असते. तेवढा धीर नसला की माणूस सगळी हवा सोडून बसतो आणि पुढच्या क्षणी दगडासारखा खाली. मग घाबरून भरतो. मग पुन्हा वर. बाजूला पोहणाऱ्या बडीला, म्हणजे जोडीदाराला, हे लिफ्टसारखं दिसतं.

उथळ पाणी सोपं नसतं

मालवणात शिकलेल्यांचा एक गैरसमज असतो. आपण आठ-नऊ मीटरवर शिकलो, म्हणजे सोप्या पाण्यात शिकलो. हवेच्या बाबतीत उलट आहे.

समुद्रात दर दहा मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, वीस मीटरवर ३. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला आहे: दाब निम्मा झाला की हवेचं आकारमान दुप्पट. आता जॅकेटमध्ये वीस मीटरवर ४ लिटर हवा आहे असं धरा. काही न सोडता वर आलात तर दहा मीटरवर ती ६ लिटर होते, पाच मीटरवर ८ आणि पृष्ठभागावर १२. म्हणजे वीसपासून पाचपर्यंतच्या पंधरा मीटरमध्ये जेवढी वाढली, तेवढीच शेवटच्या पाच मीटरमध्ये वाढते. चक्रवाढ व्याजासारखं आहे हे. थोडे वर गेलात की हवा फुगते, फुगली की आणखी वर, आणखी वर गेलात की आणखी फुगते. शेवटच्या टप्प्यात हे इतक्या झपाट्याने होतं की तेव्हा बटण शोधायला लागलात तर उशीर झालेला असतो.

नऊ मीटरची डाइव्ह पूर्णच्या पूर्ण या बेभरवशाच्या पट्ट्यात होते. म्हणून मालवणात धडपडणारा माणूस नेत्राणीला पंधरा-सोळा मीटरवर गेला की अचानक त्याला वाटतं, अरे, मला जमतंय! जमतंय असं नाही, तिथे पाणी चुका पोटात घालतं. वर येताना हिशेब मागतंच.

त्यात आपल्या किनाऱ्याचं पाणी हिरवट आणि गढूळ. समोर भिंत नाही, प्रवाळ नाही, सगळीकडे सारखंच. अशा पाण्यात दोन मीटर वर गेलेलं कळतसुद्धा नाही. मास्कसमोरचे कण बघायची सवय लावा. कण खाली जात असतील तर तुम्ही वर चालला आहात. मनगटावरचा कॉम्प्युटर हेच सांगतो, पण कण आधी सांगतात. वर यायचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत ठेवायचा म्हणतात. जुन्या पुस्तकांत अठरा मिळेल. मी नऊच धरतो. म्हणजे वीसवरून पाचला यायला दीड मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला पाहिजे, आणि तेवढ्या वेळात चार-पाच वेळा थोडी थोडी हवा सोडली गेली पाहिजे.

नांगराची दोरी असेल तर ती उजव्या हाताने धरा. गोष्ट किरकोळ वाटते, पण डाव्या हाताने दोरी धरलेला माणूस इन्फ्लेटर कशाने उचलणार? तीच गत सेल्फी स्टिकवर कॅमेरा लावून आलेल्यांची. पहिल्या वीस-पंचवीस डाइव्ह कॅमेरा होडीवर ठेवा. रागावू नका, पण कासव काही तुमच्या व्हिडिओची वाट बघत बसलेलं नाही.

बाकीची तोंडं

जॅकेटला इन्फ्लेटरशिवाय आणखी व्हॉल्व्ह असतात आणि बऱ्याच जणांनी त्यांना कधी हातही लावलेला नसतो. भाड्याचं जॅकेट हातात आलं की होडी सुटायच्या आधी ते मोजा. प्रत्येक कंपनीची आणि मॉडेलची मांडणी वेगळी असते.

उजव्या खांद्यावर बहुधा एक दोरी आणि टोकाला गोटी असते. ती ओढली की खांद्यावरचा डम्प व्हॉल्व्ह उघडतो. उभे असाल आणि हवा भराभर सोडायची असेल तर हा इन्फ्लेटरपेक्षा जलद, कारण मध्ये लांब नळी नाही. यासाठी उजवा खांदा वर हवा, म्हणजे आधी सांगितलं त्याच्या बरोबर उलटं.

कमरेपाशी मागे, बहुतेक उजव्या बाजूला, आणखी एक असतो. आडवे पोहत असताना कामाचा हाच. डोकं किंचित खाली, उजवी कंबर थोडी वर, उजव्या हाताने मागे चाचपून गोटी ओढायची. सेफ्टी स्टॉपला पार्श्वभाग वर उचलला जातोय आणि उभं राहायला जमत नाहीये, अशा वेळी खांद्याच्या नादी लागू नका, इथूनच सोडा. मात्र उभे असताना ही दोरी ओढलीत तर हवा जाणार नाही, पाणी आत येईल, कारण आता हे तोंड खाली आहे. पुन्हा घागर.

काही जॅकेटांत इन्फ्लेटरच्या नळीतून एक बारीक तार गेलेली असते. नळीच खाली ओढली की डाव्या खांद्यावरचा व्हॉल्व्ह उघडतो. सोयीचं आहे, पण हे सगळ्या जॅकेटांत नसतं. ज्याच्यात नाही त्याची नळी ओढत बसलात तर काहीच होत नाही, आणि हिसके देत राहिलात तर खांद्यापाशी नळीचा जोड ढिला होतो. जोड सुटला तर मग जॅकेटमध्ये हवाच राहत नाही. ओढायचं ते दमाने, आणि आधी जमिनीवर ओढून बघून.

एक गैरसमज इथेच मोडतो. "जास्त हवा झाली तर व्हॉल्व्ह आपोआप उघडतो ना?" उघडतो. जॅकेट फाटू नये म्हणून. तुम्ही वर जाऊ नये म्हणून नाही. जॅकेट टम्म फुगल्यावर तो उघडतो, आणि टम्म फुगलेलं जॅकेट घालून तुम्ही तोवर पृष्ठभागाच्या वाटेला लागलेले असता.

शिशाचा दोष

आता ज्या गोष्टीबद्दल मला खरं बोलायचं आहे ती. हवा सोडण्याच्या निम्म्या अडचणी मुळात जॅकेटमध्ये एवढी हवा भरावी लागल्यामुळे असतात, आणि ती भरावी लागते कारण कमरेला जास्त शिसं बांधलेलं असतं.

नवशिका खाली जात नाही, होडीवर बाकीचे खोळंबलेत, गाइडला पुढची फेरी आहे. सोपा उपाय म्हणजे पट्ट्याला आणखी दोन किलो. माणूस झटकन खाली जातो, सगळे खूश. पण त्या जादा दोन किलोंना तोलायला खाली जॅकेटमध्ये दोन लिटर हवा जास्त भरावी लागते, आणि वर येताना तीच दोन लिटर फुगत जाते. चार किलो जास्त असतील तर चार लिटर. वरचा हिशेब आठवा, वीस मीटरवरचे ४ पृष्ठभागावर १२ होतात. वजन बरोबर असलेल्या माणसाच्या जॅकेटमध्ये डाइव्हच्या शेवटी पाच मीटरवर जवळपास काहीच हवा नसते. जे नाहीच ते सोडायला अडचण कसली?

वजन तपासायची वेळ डाइव्हचा शेवट ही आहे. टाकीत ५० बार दाबाची हवा उरलीय, पृष्ठभागावर उभे राहा, जॅकेट पूर्ण रिकामं करा, फिन हलवू नका, साधा श्वास घेऊन धरा. पाणी डोळ्यांच्या पातळीवर आलं आणि श्वास सोडल्यावर हळूहळू खाली गेलात तर वजन बरोबर. तसेच बुडत गेलात तर एकेक किलो काढा. हे भरलेल्या टाकीने सुरुवातीला केलंत तर साधारण दोन किलो वाढवा. अकरा लिटरच्या टाकीतली २०० बारपासून ५० बारपर्यंतची हवा तुम्ही श्वासातून संपवणार आहात आणि तिचं वजन तेवढं भरतं. हवेलाही वजन असतं हे इथे पट्ट्यावर दिसतं.

आकडा वहीत लिहून ठेवा, आणि त्यापुढे वेटसूट किती मिलीमीटरचा आणि टाकी कुठली तेही. तीन मिलीमीटरच्या सूटमधला आकडा पाच मिलीमीटरच्या सूटला चालत नाही. तलावात तपासलेला समुद्रात चालत नाही, खारं पाणी जास्त उचलतं. पुढच्या वेळी गाइड "आणखी दोन लावू" म्हणाला की वही पुढे करा. दादा, मला सहा पुरतात.

सुरुवातीला खालीच जाता येत नाही

हे वरच्याचंच भावंड आहे, म्हणून थोडक्यात. हात पूर्ण वर, उजवा खांदा खाली, लांब श्वास सोडा, आणि पाय स्थिर ठेवा. पाय स्थिर ठेवा हे दोनदा लिहायला हवं. उभं राहून फिन मारणारा माणूस स्वतःला वर ढकलत असतो आणि जॅकेटला शिव्या देत असतो. पाय एकमेकांवर घडी घालून धरलेत की हा घोळ संपतो. उजव्या हाताने जॅकेट पोटाशी दाबा, अडकलेली हवा नळीकडे जाईल. कोरड्या वेटसूटमध्येही हवा असते, म्हणून उतरल्यावर मिनिटभर पाण्यात राहून गळ्याशी पाणी आत घ्या.

पहिले दोन-तीन मीटरच अवघड. त्यानंतर दाबाने सूट चेपतो आणि तुम्ही आपोआप जड होता. तेव्हा पृष्ठभागावर अडून बसलेल्या माणसाला शिसं देऊ नका, आधी एक मिनिट द्या.

जॅकेट मोठं असेल तर मात्र काही केलं तरी त्रास राहतो. पाण्यात ते अंगापासून सुटून कानांपर्यंत चढतं, खांदे वाकडे होतात, हवेला लपायला कोपरे मिळतात. पट्टे आवळल्यावर खांद्याखाली बंद मूठ जाईल एवढी जागा राहिली तर एक माप लहान मागा. भाड्याच्या ठिकाणी "सगळ्यांना हेच बसतं" ऐकायला मिळतं. तरी मागा. आणि जॅकेट घातल्यावर इन्फ्लेटरची नळी छातीच्या पट्ट्याखाली दबलेली नाही ना, तेही बघा. मी स्वतः एकदा अख्खी डाइव्ह ती दबलेली घेऊन फिरलो आहे.

जॅकेट आपोआप फुगतंय

हे खरं बिघाडाचं लक्षण. खोली बदललेली नाही, तुम्ही भरलेली नाही, तरी दर मिनिटाला थोडी हवा सोडावी लागतेय. इन्फ्लेटरचं भरायचं बटण पूर्ण मिटत नाहीये. मीठ सुकून बसलंय, वाळूचा कण अडकलाय किंवा आतला छोटा व्हॉल्व्ह झिजलाय. हळूहळू गळत असेल तर डाइव्ह संपवून शांतपणे वर या. एकदम भसाभस भरायला लागलं तर करायचं एकच: टाकीकडून येणारी बारीक नळी इन्फ्लेटरपासून सोडवा. तिच्या टोकाची कडी मागे ओढली की ती सुटते. तोवर दुसरा हात खांद्यावरच्या किंवा कमरेच्या डम्पवर, जो वर असेल त्यावर. हवा भरणं बंद न करता नुसती सोडत बसलात तर ती शर्यत आहे, आणि ती लावू नये. नळी सोडवल्यावर जॅकेट निकामी होत नाही. इन्फ्लेटरच्या तोंडातून फुंकून हवा भरता येते, सोडायचं बटणही चालतं. मात्र तोंडातून रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं यंत्र, काढलेला असताना बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

ती कडी हातमोजे घालून, न बघता, किती वेळात सुटते ते होडीवर करून बघा. काहींची मिठाने इतकी घट्ट झालेली असते की दोन हात लागतात. तशी असेल तर पाण्यात जायच्या आधीच नळी बदलून मागा.

जमिनीवरची तपासणी पाच मिनिटांची. भरायचं बटण दाबून सोडा, आवाज लगेच थांबला पाहिजे. जॅकेट टम्म फुगवा आणि बाकीचं सामान लावेपर्यंत तसंच ठेवा. मऊ पडलं तर कुठला तरी डम्प गळतोय. मग प्रत्येक दोरी एकेकदा ओढून हवा सुटते का आणि सोडल्यावर बंद होते का ते ऐका. शेवटी डोळे मिटून दोन्ही बटणं हाताने ओळखा. बहुतेक इन्फ्लेटरवर भरायचं बटण बाजूला आणि सोडायचं टोकाला असतं, पण घाबरल्यावर अंगठा चुकीच्या बटणावर जाणं अगदी नेहमीचं आहे. हवा सोडतोय समजून भरणारे मी पाहिले आहेत.

हातातून सुटलंच तर

श्वास सोडत राहा. बाकी काही जमलं नाही तरी चालेल, हे जमलंच पाहिजे. फुप्फुसातली हवाही जॅकेटसारखीच फुगते, आणि श्वास धरून मीटर-सव्वा मीटर वर येण्यानेही फुप्फुसाला इजा होऊ शकते. त्यानंतर अंग आडवं करा, हातपाय पसरा, फिन पृष्ठभागाला समांतर, म्हणजे पाणी अडेल आणि वेग कमी होईल. या स्थितीत उताणे असाल तर कमरेचा डम्प कामाचा नाही, खांद्याचा ओढा. पालथे असाल तर कमरेचा. वर बघा, होडीच्या तळावर डोकं आपटायला नको.

वर आलात की जॅकेट फुगवा आणि तिथेच थांबा. राहिलेला सेफ्टी स्टॉप पुरा करायला पुन्हा खाली जाऊ नका. गाइडला सांगा, लाज वाटली तरी सांगा. त्या दिवशीची पुढची डाइव्ह सोडा. छातीत दुखणं, खोकला, थुंकीत रक्त, चक्कर, हातापायांना मुंग्या, बोलणं अडखळणं यातलं काहीही दिसलं तर ऑक्सिजन लावायला सांगा आणि लगेच डॉक्टरकडे जा. पहिलं वाक्य "मी डाइव्हवरून वेगाने वर आलो" हे असलं पाहिजे. नाहीतर किनाऱ्यावरच्या गावात छातीत दुखतंय म्हटलं की आधी ॲसिडिटीची गोळी मिळते.

धुण्याबद्दल

जॅकेट स्वतःचं असेल तरच हे वाचा. नळीतून आत शिरलेलं पाणी डाइव्हनंतर आतच राहतं. उलटं करून कमरेचा डम्प ओढलात तर कधी कधी लिटरभर निघतं. बाहेरून नुसती बादली ओतून भागत नाही. इन्फ्लेटरच्या तोंडातून गोडं पाणी आत सोडा, थोडी हवा भरा, घुसळा, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या व्हॉल्व्हमधून बाहेर काढा, म्हणजे त्या व्हॉल्व्हच्या बैठकीवरचं मीठही निघतं. दोन-तीनदा. बटणं पाण्याखाली धरून दहा-वीसदा दाबा. कोकणात विहिरीचं पाणी चालेल, पण समुद्राला लागून असलेल्या विहिरीचं आधी चाखून बघा, मचूळ असेल तर नको. मग अर्धी हवा भरून सावलीत टांगा, कमरेचा डम्प खाली येईल असं. दुसऱ्या दिवशी तो एकदा ओढा, रात्रभरात खाली आलेलं पाणी निघेल.